गाडी किती देते?

डेटा सायन्स घरच्या घरी शिकणाऱ्यांचं एक ठरलेलं पुस्तक आहे, ‘ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’. चार प्राध्यापकांनी लिहिलं, २०१३ साली आलं आणि पीडीएफ फुकट ठेवली. फुकट म्हटल्यावर ते पुण्याशेजारच्या आमच्या दापोडीत पोचणारच. प्रत्येक धड्याखाली भरपूर स्वाध्याय. उत्तरं मात्र शेवटच्या पानावरही नाहीत. गाईडवर वाढलेल्या आमच्या पिढीच्या लेखी हे म्हणजे लग्नाला बोलावून पंगतच न मांडणं. जगभरच्या वाचकांनी मग आपापली उत्तरं लिहून एकमेकांत वाटली. दापोडीत आम्हीही चारपाच जणांनी एक फाइल सुरू केली. सगळे भोसरी-चाकणला शिफ्ट करणारे, त्यामुळे उत्तरं उगवायची ती रात्रपाळी सुटल्यावर.

लोकांनी लिहिलेल्या उत्तरांची एक रीत असते. (अ) ला दोन पानं, (ब) ला ‘वरीलप्रमाणे’, (क) ला ‘हे उघडच आहे’. आपण अडलेलो असतो ते नेमकं (क) वर. आणि दोघांची उत्तरं जुळली म्हणून हुरळून जाऊ नये. दोघांनी तिसऱ्याचं उतरवलेलं असतं.

खरी मजा तिसऱ्या धड्यात आली. अमेरिकेतल्या १९७० ते १९८२ च्या गाड्यांची यादी. हॉर्सपॉवरवरून ॲव्हरेज सांगा. शेजारचे काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. गाडी किती देते, हा प्रश्न कानावर पडताच पेपर बाजूला ठेवून आले.

९८ हॉर्सपॉवरला उत्तर गॅलनला २४.४७ मैल, म्हणजे लिटरला दहा किलोमीटरच्या थोडं वर. सगळ्यांचं जुळलं. पण पुढं पुस्तक विचारतं, एखादीच गाडी घेतली तर अंदाज कुठून कुठवर जाईल? ९५ टक्के खात्रीनं लिटरला सव्वासहा ते साडेचौदा किलोमीटर.

“एवढं तर मी बॉनेट न उघडता सांगतो,” काका म्हणाले. “कॉम्प्युटर कशाला तापवताय?”

यादीत मूळ ३९७ गाड्या होत्या. पाचांची हॉर्सपॉवर नोंदलेली नाही म्हणून हिशेबात ३९२ घेतात, हे कळल्यावर तर ते उठूनच उभे राहिले. “कागद अपुरे म्हणून चालती गाडी बाद?”

मग सगळेच घटक एकदम घालायचा स्वाध्याय आला आणि इंजिनाच्या आकारमानापुढं आकडा आला तो अधिक चिन्हाचा. आमच्यातल्या एका उत्साही पोरानं लगेच निष्कर्ष लिहिला: इंजिन जितकं मोठं, तितकं ॲव्हरेज चांगलं.

“कुणी लिहिलंय हे? बोलवा त्याला.”

तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला. एकट्या आकारमानावर हिशेब करून पाहिला, तर चिन्ह उलटलं. मोठ्या इंजिनाची गाडी जडही असते आणि तिला सिलिंडरही जास्त असतात. तिघं एकमेकांत इतके गुंतलेले की कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं, याचा गणितालाही नीट पत्ता लागत नाही. काकांनी हे आकडेमोडीशिवाय सांगितलं, वर “वजन सारखं धरून दोन इंजिनं असतात कुठं?” असं विचारलं. चुकीचं उत्तर आम्ही खोडलं नाही. त्याखाली काकांचा जबाब जसाच्या तसा घातला. शिव्या तेवढ्या गाळल्या. माझ्या मते अख्ख्या फाइलीत वाचावं असं तेवढंच पान आहे. बरोबर उत्तराखाली कुणी काही लिहीत नाही.

धड्याच्या शेवटच्या स्वाध्यायात बॉस्टन परिसरातल्या ५०६ वस्त्या आहेत. गुन्हेगारीशी कशाकशाचा संबंध लागतो ते एकेक घटक घेऊन तपासायचं. कर, घरांच्या किमती, रोजगाराच्या केंद्रांपासूनचं अंतर, सगळ्यांचा संबंध लागतो. लागत नाही तो एकाच गोष्टीचा. वस्ती चार्ल्स नदीच्या काठाला आहे की नाही, त्यानं काही फरक पडत नाही.

काकांनी हे दोनदा वाचून घेतलं. आमच्या दापोडीला तर मुळा आणि पवना, दोन्ही नद्या. आत्तापर्यंत प्रत्येक आकड्याची उलटतपासणी घेणाऱ्या काकांनी हे उत्तर काही न विचारता थेट नदीपलीकडच्या बोपोडीच्या व्याह्यांना पाठवून दिलं.