एफ टाळण्याचं शास्त्र

गिटारचे कॉर्ड डोक्याने शिकायचे असतात आणि बोटांनीही. त्यातलं डोक्याचं काम मला सुरेख जमतं. पुण्यात वाढल्यामुळे असेल, पण जी गोष्ट स्वतःला करता येत नाही ती दुसऱ्याला समजावून सांगायला आम्हाला कधीच अडचण येत नाही.

माझे सर बावीस वर्षांचे आहेत. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘काका’ म्हणतात. “काका, थिअरी नंतर. आधी बोटं ठेवा,” हे त्यांचं पालुपद. बोटं ठेवली की स्टीलची तार कातडीत रुतते. म्हणून मी थिअरीतली शंका काढतो. सर भले आहेत, ते उत्तर देतात. तेवढाच बोटांना आराम.

आणि थिअरी आहे तरी केवढी? सा, ग, प एकदम वाजवले की मेजर कॉर्ड. त्यातला गंधार कोमल केला की मायनर. जी मेजरमध्ये गिटारच्या सहाही तारा वाजतात, पण सूर तीनच: जी, बी आणि डी. उरलेल्या तारांवर त्यांच्याच आवृत्त्या. सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं आणि तरी भांडण वाटता कामा नये, हे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला अजून साधलेलं नाही.

ई मेजर हा तर मायाळू कॉर्ड. तीन बोटं ठेवायची. त्यातली तर्जनी उचलली की ई मायनर. तर्जनीखाली शुद्ध गंधार होता, ती उठली की तार मोकळी होऊन कोमल गंधार बोलू लागतो. आनंदाला तीन बोटं आणि दुःखाला दोन! माझी गाणी उदास का वाजतात असं घरी विचारतात, त्याचं उत्तर यात आहे. मी दुःखी नाही, आळशी आहे.

मग येतो एफ. दिसायला ई मेजरच, फक्त एक पडदा पुढे सरकलेला. पण ईच्या वेळी जे काम गिटारच्या मानेवरची पट्टी फुकट करत होती, ते आता तर्जनीने करायचं, म्हणजे सहाही तारा एकटीने आडव्या दाबून धरायच्या. माझ्या एफमधून दोन तारा वाजतात, एक खरखरते आणि उरलेल्या मौन पाळतात. “येईल, काका,” सर म्हणतात. डॉक्टर नातेवाइकांशी ज्या सुरात बोलतात, त्या सुरात.

शेजारचे आप्पा पेटी वाजवतात. कॉर्ड हा प्रकार त्यांना मुळातच मंजूर नाही, कारण रागात सूर एकामागून एक यायचे असतात. त्यांचं निम्मं मला पटतं. हिंदी चित्रपटगीतांखाली सुरांची ही बैठक घातली ती सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोवेकर अरेंजरांनी. पण आपण चाल गुणगुणतो, खालचे कॉर्ड कोण गुणगुणतो? एकदा आप्पांनी मालकंस पुढे केला. “याला लाव तुझा कॉर्ड.” मालकंसात पंचमच नाही, तेव्हा षड्जावर कॉर्ड उभा राहत नाही. मी मात्र हरलो नाही. मध्यम, कोमल धैवत आणि वरचा षड्ज घेतले की नीटस मायनर कॉर्ड होतो, हे त्यांना पटवून दिलं. आप्पा विचारात पडले. मग म्हणाले, “वाजव की.” आप्पांची पट्टी पांढरी एक. तिथला मध्यम म्हणजे एफ. मी आत जाऊन चहाचं बघितलं.

त्या दिवसापासून थिअरीचा खरा उपयोग कळला. कुठल्याही मेजर पट्टीत पहिला, चौथा आणि पाचवा कॉर्ड मेजर असतो. दुसरा, तिसरा आणि सहावा मायनर. सी पट्टी धरली की चौथ्या घरात एफ बसलेलाच. पण जी धरली की पहिला जी, चौथा सी, पाचवा डी आणि सहावा तो आपला दोन बोटांचा ई मायनर. साध्यासुध्या गाण्याला एवढे चार पुरतात. एफचं नाव नाही!

आता गाणाऱ्याची पट्टी निराळी असली तर? सौ. काळी पाचमध्ये गाते आणि माझ्यासाठी खाली उतरणार नाही, हे लग्नाच्या वेळीच ठरलं होतं. जीपासून काळी पाच तीन पडदे वर. तिसऱ्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावला की बोटं जी पट्टीतल्याच जागा धरतात आणि आवाज काळी पाचचा येतो. ती खूश, मी खूश. सर तेवढे म्हणाले, “काका, एवढ्या डोक्यात एफ बसला असता.”

नव्याने शिकणाऱ्यांनी सरांचंच ऐकावं. पण गिटारबरोबर कॅपोही घ्या, आणि घेताना त्याची स्प्रिंग दाबून बघा; ढिली असेल तर तारा खरखरतात.