सत्तेचाळीस अंशांतली ओली चड्डी

चंद्रपूरच्या उन्हाचं नाव देशभर. मे महिन्यात पारा ४७ च्या आसपास गेला की टीव्हीवाल्यांना आपली आठवण होते. या उन्हात पापड वाळतात, कुरड्या वाळतात, गडचिरोलीकडे मोहफुलं वाळतात. वाळत नाहीत त्या फक्त घरच्या बायकांच्या चड्ड्या. त्या ओल्या लुगड्याखाली दडवलेल्या, नाहीतर न्हाणीतल्या खिळ्यावर. उघड्या दोरीवर सूर्यदर्शनाचा मान पुरुषांच्या पट्टापट्टीला. भोकं पडली तरी ती झेंड्यासारखी फडकते.

बुरशीला आपली ही मर्यादाशील संस्कृती फार आवडते. ओल आणि ऊब, दोन्ही घरपोच! सुती कापड, रोजची धुलाई आणि दोन तास ऊन हा बिनपैशाचा उपाय. पण शेजारी काय म्हणतील? मग जांघेत नायटा उठतो. डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून मेडिकलमधून ट्यूब येते. मागताना खाज नेहमी ‘पाहुण्याची’ असते. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असलं तर खाज चार दिवस गप्प, नायटा मात्र पसरत जातो.

लाजेचा हिशेब गडचिरोलीत होऊन गेलाय. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. सगळा दोष चड्डीचा नव्हे, हे कबूल. पण १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, म्हणजे लंडनला कळलं. घरच्या कारभाऱ्याला कोणी सांगितलं, कोण जाणे.