करंडकवीर

पुण्यातून दरवर्षी इंजिनिअर किती बाहेर पडतात ते विद्यापीठ सांगेल. करंडकवीर किती बाहेर पडतात, ते अंधेरीच्या घरमालकांना विचारावं. ‘पुरुषोत्तम’ला अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं की या प्राण्याचं इंजिनिअरिंग सुटतं आणि दाढी वाढते. महाराष्ट्रीय कलोपासकांनी १९६३ साली ही एकांकिका स्पर्धा सुरू केली ती काय हेतूनं, देव जाणे. घरोघरच्या वडिलांची झोप उडवणं हा तरी नसावा. २०२२ साली एकही एकांकिका लायकीची नाही म्हणून परीक्षकांनी करंडकच दिला नाही. तेव्हापासून आमचा वीर “आमच्या वेळी लेव्हल होती” हे वाक्य जरा जास्तच सैल सोडतो.

मुंबईत तो वर्सोव्याच्या आरामनगरात सापडतो. तिथल्या बैठ्या बंगल्यांत ऑडिशनं चालतात. पाठीवरच्या सॅकमध्ये तीन शर्ट : बँक मॅनेजरसाठी फॉर्मल, कॉलेजकुमारासाठी चेक्सचा आणि जाहिरातीतल्या तरुण बाबांसाठी आकाशी. बहुतेक ठिकाणी दारातला पोरगा वर न बघताच “नॉट फिट” म्हणतो. आत गेलाच, तर नाव, वय, उंची, मग डावं प्रोफाइल, उजवं प्रोफाइल.

“घोडा चालवता येतो?”

“येतो.”

हा घोडा महाबळेश्वरचा. लगाम मालकाच्या हातात होता.

त्याच्याच ग्रुपमध्ये पडदा ओढणारा मुलगा आता मालिकेचे संवाद लिहितो, प्रॉम्प्टिंग करणारी डबिंग करते. दोघांचे हप्ते वेळेवर जातात. याला विचारलं तर म्हणतो, “मला टाइपकास्ट व्हायचं नाही.” अरे बाबा, त्यासाठी आधी कास्ट तर हो!

पण गडी रिकामा नसतो. सकाळी कोऑर्डिनेटरांच्या ग्रुपवर फोटो, दुपारी ‘पृथ्वी’च्या कॅफेत कुणीतरी दिसेल अशा खुर्चीवर जाडजूड पुस्तक, रात्री शिवाजी मंदिरला मध्यंतरात वडा खाता खाता ओळखीच्या नटाशी सेल्फी. खाली एकच शब्द : ‘प्रोसेस’. मालिकेत एकदा तो डॉक्टर झाला होता. ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन मान हलवायची, तीही तोंडावर मास्क लावून. मावशीनं भुवयांवरून ओळखलं. त्या मान हलवण्याचे पैसे ९० दिवसांनी आले, पोस्टी मात्र अजून येतात. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर कामात बुडालेल्या माणसाची भूमिका त्याच्याइतकी सहज वठवणारा नट मी पाहिलेला नाही.

ती भूमिकाच परवा नडली. रात्री अकराला कोऑर्डिनेटरचा फोन : “उद्या सकाळी सात, घोडबंदर रोड. इन्स्पेक्टर. चार वाक्यं आहेत. येतोस?” उद्या त्याला लाँड्रीतून शर्ट आणण्याखेरीज काडीचं काम नव्हतं. पण सवयीनं तोंडातून गेलंच, “डेट्स बघून सांगतो.” पाच मिनिटं भाव खाऊन त्यानं फोन लावला, तोवर वर्दी दुसऱ्याच्या अंगावर बसली होती.

पहाटे पोस्ट पडली, अर्ध्या चेहऱ्यावर उजेड असलेल्या फोटोसकट : ‘काही भूमिका नाकारायलाही धैर्य लागतं.’

खाली मावशीची कॉमेंट : “अभिनंदन बाळा! किती वाजता लागणार?”