सही कोणाची?

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या गजानन मार्केटात कापडाच्या कुठल्याही ठोक दुकानात शिरा, गादीच्या कोपऱ्यात एक मुनीमकाका भेटतातच. कपाळावर चष्मा, कानावर पेन्सिल, खिशात लाल शाईचं पेन. मला भेटले ते अंबरनाथहून लोकलनं येणारे. शेठ सिंधी, काका मराठी. चाळीस वर्षांत भाषेची अशी खिचडी झालेली की शिव्या सिंधीत आणि व्याज मराठीत.

छोट्या शेठनी मला तीन दिवसांसाठी बोलावलं होतं. "सर, स्टाफला एआय शिकवा. पोरं शिकतील, पण काका अडून बसलेत."

काका अडून मुळीच बसले नव्हते. ते 'नाही' कधीच म्हणत नाहीत. "शिकू की! वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न जाऊ दे." एकवीसला गेलो, तर महिनाअखेर. पुढे लग्नसराई. मग दिवाळी. नकाराला इतक्या तारखा कोर्टातही मिळत नाहीत.

दुकानात चौकशी केली तेव्हा कळलं, या नकाराचं घराणं जुनं आहे. कॅल्क्युलेटर आला तेव्हा काका आधी तोंडी बेरीज करून तो बरोबर आहे का ते बघायचे. टॅलीच्या बाजूला दोन वर्षं कीर्द-खतावणी चालू होती. यूपीआयचा डबा 'पैसे प्राप्त हुए' असं कितीही ओरडला, तरी बँकेचा मेसेज बघितल्याशिवाय गठ्ठा दुकानाबाहेर जात नसे. आणि आज? नव्या पोराला टॅली काकाच शिकवतात, ते जणू यांच्याच आजोबांनी काढलं होतं अशा थाटात.

मी भाषण सुरू केलं. "काका, हे यंत्र अगदी माणसासारखं लिहितं."

"म्हणजे नक्कल," काका म्हणाले.

मी गप्प. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या लोकांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या, १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि पुढे इथल्या नकली मालावरून 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद देशभर गेला. अशा गावात नकलेचं कौतुक मी कुणाला सांगणार? इथे माल चिमटीत चुरगाळून बघतात. काकांनी यंत्रही तसंच चुरगाळलं.

"एका जुन्या गिऱ्हाइकाकडे उधारी थकलीय. तगाद्याचं पत्र लिहायला सांग."

क्षणात पत्र आलं. 'महोदय, आपली थकबाकी तात्काळ न भरल्यास...' काकांनी चष्मा खाली घेतला. "याच्या पोरीचं लग्न गेल्याच महिन्यात झालं. हे पत्र गेलं तर पैसे येतील, माणूस जाईल." मग स्वतःच सांगू लागले, "लिही, लग्न छान झालं ऐकलं, आता सवडीनं आमच्याकडेही बघा." यंत्रानं सुरेख लिहिलं. काका किंचित खूश झाले. लगेच त्यांनी बिलांची लांबलचक बेरीज घातली. उत्तर ठणठणीत आलं, अकराशेनं चूक.

"चुकलं ते चुकलं," काका म्हणाले, "पण त्याला घाम नाही फुटला. माझ्या पहिल्या वर्षी अकरा रुपयांचा मेळ बसेना, तर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं."

मी सांगितलं, हे यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द अंदाजानं धरतं. काका एकदम सावरून बसले. "मग हे आमच्या जुन्या मुनीमजींचंच की!"

त्यांचे गुरू शिकारपूरचे. वह्या हटवाणिका लिपीत. व्यापाऱ्यांची ही लिपी, त्यात मात्रा बहुधा नसतातच. नुसत्या व्यंजनांवरून कोण, काय आणि किती हे ताडायचं. "मुनीमजी न लागणारं अक्षरसुद्धा ठणकावून वाचायचे," काका म्हणाले, "पण वाचून झालं की मला पिटाळायचे, 'जा, एकदा गिऱ्हाइकाला विचारून ये.' कारण खाली सही त्यांची असायची. याच्या कागदावर सही कोणाची?"

माझ्या तीन दिवसांच्या तयारीत या प्रश्नाला एकही स्लाइड नव्हती.

तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर काका पोरांना शिकवतायत! "पत्र लिहून घ्या. बेरीज टॅलीत. आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कागद हलवायचा नाही." शेजारी नवी वही, वर 'श्री', खाली 'यंत्राच्या चुका'. पाच नोंदी झाल्या होत्या, तारीखवार.

छोटे शेठ माझ्यावर बेहद्द खूश. मी विनयानं बिल पुढे केलं. शेठनी ते सवयीनं कोपऱ्याकडे सरकवलं. काकांनी चष्मा खाली घेतला, लाल पेन काढलं आणि एका आकड्याभोवती गोल केला. तीन दिवसांचे पैसे चार दिवसांच्या हिशेबानं लागले होते.

"यंत्राकडून करून घेतलंत?"

मी मान डोलावली.

काकांनी वही ओढली, सहावी नोंद लिहायला घेतली, मग थांबले. बिलाच्या तळाशी असलेली माझी सही बघितली आणि वही मिटून टाकली.

"ही त्याची नाही," ते म्हणाले.