भोकाचा वैरी

जूनच्या वाऱ्यात नगर हवेलीतल्या रांध्याच्या रस्त्यावर एखादं झाड आडवं झालं की हाक जाते दुरुस्तीदादाला. असा एक दादा गावोगाव असतो. रांध्यातल्या दादाकडे मशीन आहे, एवढंच. मशीन म्हणजे चेनसॉ. ज्या मुलखात ४० टक्क्यांच्या आसपास जमीन जंगलाची, तिथे मशीनवाल्याला मान असायचाच. जर्मनीच्या आंद्रेआस श्टीलने १९२९ साली पेट्रोलवरची करवत काढली तेव्हा ती भरली ४६ किलो, चालवायला दोन माणसं लागत. दादाची त्या मानाने हलकी, तरी माणसं चार लागतात. एक चालवायला, तीन सल्ला द्यायला.

मशीन जुनी. तिचं झाकण गळतं.

मशीन आडवी धरली की टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपतं आणि दादाच्या पँटवर त्यात मिसळलेल्या टू-टी ऑईलचा डाग उमटतो. नवं झाकण आणावं तर सिल्वासा जवळ, वापीही फार लांब नाही. पण दादाच्या मते नवं आणणं म्हणजे हार मानणं. शिवाय भरपाईच्या बाबतीत या मुलखाचे हात पोळलेले आहेत. मराठ्यांनी पोर्तुगिजांचं सांताना नावाचं जहाज पकडलं, त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७८३ साली नगर हवेलीचा परगणाच त्यांना लावून दिला. तो सुटायला १९५४ चा ऑगस्ट उजाडला. मग दादाने झाकणाच्या भरपाईला का म्हणून तयार व्हावं?

पहिला उपाय सायकलच्या ट्यूबचा. दादा कात्रीने गोल वायसर कापतो, झाकणात बसवतो, मान तिरकी करून बघतो. दोन दिवस झाक चालतं. मग पेट्रोल पिऊन ते रबर फुगतं आणि झाकणाचे आटेच धरत नाहीत. दुसरा उपाय नळाच्या टेफ्लॉन टेपचा. आटे एकदम घट्ट. गळती जशीच्या तशी, कारण ती आट्यांतून नव्हतीच. बिडी पेटवून जवळ आलेल्या सल्लागाराला मात्र दादा हाकलतो. सायलेन्सर तापलेला आणि शेजारी पेट्रोल झिरपतंय, याची जाण त्याला आहे.

शेवटी चष्मा लावून झाकण उन्हात धरल्यावर गुन्हेगार सापडतो.

“हे बघा, भोक!”

“दादा, झाकणाला भोक असतं काय?”

“आहे म्हणूनच गळतंय ना!”

ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. टाकीतलं पेट्रोल जसं खाली जाईल तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी होते आणि कार्बोरेटर उपाशी मरतो. म्हणून त्या भोकात एक इवलीशी रबरी चोच असते. ती हवा आत घेते, पेट्रोल बाहेर सोडत नाही. वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये राहून चोच कडक होते, नाहीतर तिच्यात भुसा अडकतो आणि ती मिटेनाशी होते. त्यात मशीन उन्हात ठेवली की वाफेचा दाब पेट्रोलला बाहेर ढकलतो. चोच साफ करणं, नाही जमलं तर बदलणं, एवढंच खरं काम.

दादा एम-सील मळतो आणि भोक बुजवतो.

गळती बंद! दादा मशीन उलटी करून, हलवून साऱ्यांना दाखवतो. मशीन सुरू होते, फांदी अर्धी कापते आणि आचके देत बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आता दादाच्या अंगात मेकॅनिक संचारतो. प्लग घासला जातो, एअर फिल्टर धुतला जातो, कार्बोरेटर उघडला जातो. ऑईल लिटरला २० मिली टाकलं की जास्त, यावर दोन सल्लागारांचं भांडण जुंपतं. पडलेलं झाड तोवर रस्त्यातच. एसटीचा ड्रायव्हर उतरून चहाला गेलेला.

गर्दीतलं एखादं पोरगं पेट्रोल किती उरलंय ते बघायला झाकण सैल करतं. सुस्स्! हवा आत जाते. पुढच्याच दोरीला मशीन धडधडायला लागते.

“मी मघापासून तेच सांगत होतो,” दादा म्हणतो आणि तापवलेल्या सुईने एम-सीलला पुन्हा भोक पाडायला बसतो.

उरलेलं एम-सील तो कधी टाकत नाही. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतून वाफ जाताना दिसते आणि त्याचा हात खिशाकडे वळतो.

“अहो,” बायको कुकरच्या आड उभी राहते, “ते आधी इकडे द्या.”