विषय : अपेक्षित फेस न होण्याबाबत

प्रति,
मा. दाढीचा साबण, दाढीची क्रीम व डब्यातील आयता फेस,
(सर्व सुगंध, सर्व आकार)
मुक्काम : आरशाखालची फळी, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

संदर्भ : आपल्याच वेष्टनावरील 'भरघोस, मुलायम, टिकाऊ फेस' हे विधान.

महोदय,

ज्या गावात कोकण भवन आहे, सिडको भवन आहे, महापालिकेचे मुख्यालय आहे आणि रिझर्व्ह बँकेचेही कार्यालय आहे, त्या गावात तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. म्हणून हा लेखी अर्ज. आपण रोज सकाळी वेळेवर हजर होता, याबद्दल वाद नाही. आपला सुगंध न्हाणीघराबाहेरपर्यंत येतो, म्हणजे हजेरीपटावर सहीसुद्धा झालेली असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण कानापर्यंत चढता. मात्र वस्तरा उजवा गाल संपवून डाव्या गालावर येतो, तेव्हा आपण जागेवर नसता. तिथे उरतो एक कोरडा पांढरट पापुद्रा आणि त्याखाली ताठ उभे खुंट. या गैरहजेरीचे खापर आजवर कधी आमच्या ब्रशवर, कधी नळाच्या पाण्यावर, तर कधी आमच्या हातावर फुटत आले. आमचे म्हणणे असे की ही गैरहजेरी अपघाती नाही. ती आपल्या घडणीतच आहे, आणि आपली घडण आपल्या निर्मात्यांनी विचारपूर्वक ठरवलेली आहे.

आधी आपल्या कामाचे स्वरूप स्पष्ट करू, कारण त्याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. आपली नेमणूक गाल पांढरा करण्यासाठी झालेली नाही. केसापाशी पाणी धरून ठेवणे हे आपले काम. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. ते शोषताना तो लांबीला जेमतेम १-२ टक्के वाढतो, पण जाडीला १४ टक्क्यांच्या आसपास फुगतो आणि मऊ पडतो. भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बरेच कमी बळ लागते, आणि हा फरक पडायला दोन-तीन मिनिटांचा ओलावा पुरतो. साबण घरोघरी पोहोचण्याआधी धोकटी घेऊन फिरणारा न्हावी हे पुरते ओळखून होता. वाटीतले पाणी बोटांनी गालावर चोळत तो गिऱ्हाइकाशी गावभरच्या गप्पा मारी, आणि त्या गप्पा संपेपर्यंत दाढी मऊ झालेली असे. त्याचा वस्तरा साबणावाचून चाले, पाण्यावाचून चालत नसे. पाणी गालावर ठरत नाही, ओघळते किंवा वाळते, एवढ्याच अडचणीपोटी आपली नेमणूक झाली. दुसरे काम पात्याखाली निसरडा थर देण्याचे, आणि तेही पाणी जागेवर असेल तरच जमते. मग ज्या फेसात पाणी नाही, तो गालावर करतो काय, याचा खुलासा आपण करावा.

फेस म्हणजे हवा, पाणी आणि साबण. यातली हवा फुकट असते, म्हणून आपल्या बहुतेक भाईबंदांनी तिच्यावरच भर दिलेला आहे. मोठे बुडबुडे पटकन वर येतात, डोळ्यांत भरतात आणि जाहिरातीत देखणे दिसतात. पण त्यांच्या भिंती पातळ असतात, पाणी त्यांतून झिरपून जाते आणि बुडबुडा फुटतो. चांगल्या फेसात बुडबुडे इतके बारीक असतात की वेगळे दिसतच नाहीत. घोटलेल्या श्रीखंडासारखा तो दाट आणि चकचकीत असतो, ब्रश उचलला की त्याचे टोक वाकते, आणि काही मिनिटांनंतरही तो ओला राहतो. हा फरक बहुतांशी कोणते मेदाम्ल घेतले आणि ते कोणत्या अल्कलीशी बांधले, यावर ठरतो. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल जवळपास निम्मे असते. त्याचा साबण फेस झटपट देतो, पण तो फेस लवकर बसतो आणि त्वचा कोरडी करतो. स्टिअरिक आम्लाचा साबण सावकाश उठतो, पण दाट फेस देतो आणि टिकतो. हे आम्ल नुसत्या कॉस्टिक सोड्याशी बांधले तर साबण टणक होतो, गार पाण्यात विरघळायला कुरकुरतो. कॉस्टिक पोटॅशशी, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडशी, बांधले तर तो मऊ होतो आणि पाणी सहज घेतो. म्हणून दाढीच्या चांगल्या साबणात स्टिअरिक भरपूर, पोटॅशचा वाटा मोठा, खोबरेल फेस सुरू करण्यापुरते आणि पाणी धरून ठेवायला ग्लिसरीन असते. यातले काहीही गुपित नाही. साबणाच्या धंद्यातल्या कुणालाही हे नवे नाही.

आता आपल्या पाठीवरचा मजकूर पाहू. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार आपले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. फक्त १ टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांना हवा तो क्रम चालतो. आपल्यापैकी जे खरेच काम करतात, त्यांच्या यादीत पाण्यापाठोपाठ स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड वरच्या रांगेत बसलेले असतात. जे निराश करतात, त्यांच्या यादीत ही मंडळी खाली सरकलेली किंवा गायब असतात, आणि वर सोडियम लॉरिल सल्फेटसारखा झटपट बुडबुडे काढणारा घटक येतो. पुढच्या बाजूला मात्र लिंबू, बर्फ, चंदन, कोरफड यांची चित्रे. मेन्थॉलने गालाला गार वाटते, पण मऊ झाला असा एकही केस त्याने आजवर दाखवलेला नाही. अंघोळीच्या साबणावर निदान टीएफएमचा, म्हणजे एकूण मेदद्रव्याचा, आकडा तरी छापतात. पहिल्या प्रतीच्या साबणात मेदद्रव्य किमान ७६ टक्के असावे, असे भारतीय मानक सांगते. दाढी करणाऱ्याला तेवढ्यावरही भागवता येत नाही, कारण तो आकडा मेद किती ते सांगतो, कोणता ते सांगत नाही. अंगाला उत्तम असलेली वडी गालावर नापास होते ती यामुळेच.

यावर आपला ठरलेला खुलासा असा : पाणी जड आहे. कारण खरे आहे, पण ते बेलापुरात चालणारे नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतात, आणि ते दोन्ही असे संपल्याखेरीज फेस येत नाही. लातूर-सोलापूरकडच्या कूपनलिकेच्या पाण्याबद्दल आपण हे म्हणालात, तर आम्ही मान डोलावू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम जडपणा स्वीकारार्ह धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. एवढ्या पाण्यापुढे भल्याभल्या साबणांची दमछाक होते. पण नवी मुंबईच्या नळाला येते ते खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे, भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध झालेले पाणी. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर पडून थेट धरणात आलेला तो पाऊस आहे. चुनखडीशी त्याची गाठ पडत नाही, म्हणून ते हलके असते. टँकर किंवा कूपनलिकेवरच्या सोसायट्या यातून वगळू. बाकीच्यांच्या नळाला हे पाणी येत असतानाही आपण बसत असाल, तर पाणी निर्दोष सुटले. शिवाय जड पाण्यावर ईडीटीएसारखे कॅल्शियम जखडणारे द्रव्य चिमूटभर घालणे हा नेहमीचा उपाय आहे, आणि तो करणाऱ्याच्या हाती आहे, वापरणाऱ्याच्या नाही.

दुसरा खुलासा : तुम्हाला फेस करताच येत नाही. यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. ब्रश आधी भिजवून निथळावा, पाणी एकदम न ओतता थेंबाथेंबाने वाढवावे, मिनिटभर तरी घोळवावे. घाईत यातले बरेच राहून जाते. पण मग निवाड्याची रीतही सोपी आहे. तोच ब्रश, तेच पाणी, तोच हात आणि तेवढाच वेळ ठेवून दोन साबण घोळवा, दोन्ही फेस तळहातावर ठेवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांनी एक ओला असेल आणि दुसऱ्याची जाळी झाली असेल, तर फरक हाताचा नाही. चांगला साबण शिकाऊ हातालाही सांभाळून घेतो. वाईट साबणापुढे कसलेल्या कारागिराच्या तोंडाला फेस येतो, गालाला येत नाही.

तिसरा खुलासा पैशांचा : या किमतीत एवढेच मिळणार. स्टिअरिक आम्ल मेणबत्तीत जाते, रबरात जाते. बाजारात त्याची पोती मिळतात. ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात अर्ध्या शतकाहून अधिक काळ रसायनांचे कारखाने आहेत, तिथे या आम्लाच्या दुर्मीळपणाची कथा सांगू नये. ते चरबीतूनच आणावे लागते, ही सबबही शिळी आहे. वनस्पती तेलांपासून साबण करता येतो, हे अर्देशीर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वी याच मुंबईत करून दाखवले. पामतेलापासूनही स्टिअरिक मिळते. आणि कोकणाचे विभागीय कार्यालय ज्या गावात आहे, तिथून सांगायलाच हवे की कोकमाच्या बियांच्या तेलात साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त स्टिअरिक असते. गुरांच्या चरबीत ते २० टक्क्यांच्या आसपास भरते. पिढ्यान् पिढ्या भेगाळलेल्या टाचांना कोकमाचे हे तेल, म्हणजे मुठेल, लावणाऱ्या कोकणाने ते गालापर्यंत नेले नाही, हा दोष आमचा. कोकमाचे तेल महाग पडेल, हे कबूल. पण सर्वांनी तेच घालावे असा आग्रह नाही. साधे स्टिअरिक परवडत नाही आणि रंगीत खोका, नवा सुगंध आणि खेळाडूचा फोटो परवडतो, हा हिशेब तेवढा आम्हाला जुळवता येत नाही.

डब्यातला आयता फेस या पत्रात शेवटी येतो, कारण त्याची बाजू सर्वांत प्रामाणिक आहे : वेळ वाचतो. सात अठ्ठावन्नची लोकल गाठणाऱ्याला हे म्हणणे पटण्याजोगे आहे. पण प्रोपेन-ब्यूटेनसारख्या वायूच्या दाबाने बाहेर आलेला तो ढग तयार होताना केसाला भिजवत नाही, आणि ब्रशसारखे केस उभेही करत नाही. ते काम आधी पाण्याने करून घेतले नाही, तर वाचलेला वेळ पुढे तुरटी शोधण्यात जातो. हल्ली सगळेच दाढी ठेवतात, तेव्हा हा प्रश्नच उरला नाही, असेही म्हटले जाते. दाढी ठेवणाऱ्यालाही मानेवर आणि गालावर रेघ आखून घ्यावी लागते, आणि मानेची कातडी तर अधिक नाजूक.

सबब विनंती अशी. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला फळाफुलांऐवजी तीन गोष्टी छापाव्यात : स्टिअरिकचे प्रमाण, पोटॅश आणि सोडा यांचा वाटा, आणि मध्यम जड पाण्यात फेस किती मिनिटे ओला राहतो तो आकडा. ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोग कोकण भवनातच बसत आला आहे, तेव्हा जायचे ठरवले तर आम्हाला रिक्षाही लागणार नाही. तूर्त जात नाही, कारण 'भरघोस' म्हणजे किती, हे कायद्याने ठरवलेले नाही आणि आपण त्याच आडोशाला उभे आहात. तो आडोसा एका आकड्याने नाहीसा होईल. तोवर आमचे मत कायम आहे : वाईट फेस हा वापरणाऱ्याचा अडाणीपणा नव्हे, तो करणाऱ्याची काटकसर आहे.

कळावे,
आपला रोजचा ग्राहक,
सीबीडी बेलापूर

ता. क. (वाचकांसाठी) : दुकानात नळी किंवा वडी हाती घेतली की चित्र पाहू नका, उलटी करून घटक वाचा. पहिल्या चार-पाच नावांत स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसले, तर घ्या. नाही दिसले, तर सुगंध कितीही चांगला असो, परत ठेवा.