पाहुण्यांचा जपान

जपानचे दोन सरकारी आकडे शेजारी ठेवून वाचा. 2024 मध्ये तिथे परदेशी पाहुणे आले 3 कोटी 68 लाख, तोवरचा उच्चांक. त्याच वर्षी जपानी माणसांनी आपल्याच देशात केलेले प्रवास भरले सुमारे 54 कोटी, म्हणजे 2019 पेक्षा जवळपास 8 टक्क्यांनी कमी. आणि या कमी प्रवासांवर त्यांचा खर्च झाला 25 लाख कोटी येनच्या वर. तोही उच्चांकच.

फिरले कमी, मोजले जास्त.

पहिल्या आकड्याचा जगभर गाजावाजा झाला. दुसरा किती जणांनी वाचला?

कारण शोधायला लांब जायला नको. 2011 मध्ये एका डॉलरला 76 येन मिळत, जुलै 2024 मध्ये 161. पाहुण्याचा खिसा बसल्याजागी दुप्पट झाला. टोकियो-क्योतोच्या हॉटेलवाल्याने खोलीचा दर कोणाकडे बघून लावायचा? धंदा आहे, तो डॉलरकडेच बघणार. जपानी गिऱ्हाइकाचा पगार मात्र येनमध्ये. महागाई वजा करून पाहिलं तर तो 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं घसरला.

फेब्रुवारी 2024 मध्ये टोकियोत तोयोसु मासळी बाजाराशेजारी एक नवं खाद्यसंकुल उघडलं. तिथे मासळी घातलेल्या भाताच्या एका खास वाडग्याचा दर 15,000 येनच्या पुढे गेला. त्या वर्षी ठरलेलं किमान वेतन तासाला सरासरी 1,055 येन. करा हिशोब. एका वाडग्यासाठी चौदा तास राबायचं.

कामासाठी टोकियोला जाणाऱ्याचीही तीच गत. कंपनीने ठरवलेल्या मुक्काम भत्त्यात शहरात खोली मिळेना, म्हणून माणसं उपनगरात किंवा कॅप्सूल हॉटेलात झोपू लागली. सरकारला हे कळलं. म्हणून एप्रिल 2025 पासून सरकारी नोकरांना मुक्कामाचा प्रत्यक्ष खर्च, एका मर्यादेपर्यंत, मिळू लागला.

साहेबांची सोय झाली. बाकीच्यांचं काय?

त्यात सुट्टीचं वेळापत्रक. जपानी नोकरदार मधूनच रजा टाकायला आजही कचरतो. मग अख्खा देश मे महिन्याच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन सण आणि नवं वर्ष, एवढ्यातच बाहेर पडतो. म्हणजे दर सर्वांत चढे असतात, नेमके तेव्हाच.

कर बघा. परदेशी पर्यटकाला खरेदीवरचा 10 टक्के उपभोग कर माफ. दुकानात शेजारी उभ्या असलेल्या जपानी बाईला तो भरावाच लागतो. घरचे उपाशी, पाहुणे तुपाशी, आणि तेही कायद्याने!

पण खरी चीड येते ती शाळेच्या सहलींमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी शाळा मुलांना काही दिवसांच्या सहलीला नेतात. क्योतो आणि नारा ही त्यांची हक्काची ठिकाणं. देवळं, बागा, देशाचा इतिहास, वर्गमित्रांबरोबर पहिला मुक्काम. सरकारी शाळांच्या सहलीला दरडोई खर्चाची मर्यादा असते. ती मर्यादा जागची फारशी हलली नाही, मुक्काम आणि भाड्याच्या बस मात्र महागल्या. चालकांची टंचाई आहे, शिवाय एप्रिल 2024 पासून त्यांच्या जादा तासांवर बंधन आलं. ते बंधन योग्यच, पण भाडं वाढायचं ते वाढलंच. त्यात क्योतोच्या शहर बसमध्ये मुलांच्या गटाला पाय ठेवायला जागा नाही. काही शाळांनी क्योतो सोडून दुसरी ठिकाणं धरली.

चौदा वर्षांच्या जपानी मुलीला क्योतो, तिच्याच देशाची जुनी राजधानी, महाग पडते. याहून वाईट काय असायला हवं?

उपाय म्हणून दुहेरी दर आला. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला हा जागतिक वारसा. जून 2024 मध्ये तिथल्या महापौरांनी कल्पना मांडली, परदेशी माणसाला 30 डॉलर, गावकऱ्याला 5. मग चर्चा झाली, आक्षेप आले आणि 1 मार्च 2026 पासून नवा दर लागू झाला. हिमेजी शहरात राहणाऱ्याला 1,000 येन, बाकी सगळ्यांना 2,500. अठरा वर्षांखालील मुलांना माफी, हे चांगलं केलं.

पण ‘बाकी सगळे’ म्हणजे कोण? न्यूयॉर्कचा माणूस, आणि कोबेचाही. हिमेजी ज्या ह्योगो प्रांतात आहे, त्याच प्रांताची राजधानी कोबे!

आपल्याकडे अजिंठ्याला भारतीयाला 40 रुपये, परदेशी माणसाला 600. पुण्याचा असो, लातूरचा असो की गुवाहाटीचा, दर तोच. या एका बाबतीत आपला हिशोब सरळ आहे. देशाचा वारसा देशातल्या सगळ्यांना परवडलाच पाहिजे, वेशीच्या आत राहणाऱ्यांनाच नव्हे.

बरं, देशात परवडत नसेल तर परदेशी जावं? त्याच दुबळ्या येनने? जपानी पासपोर्ट जगातल्या सर्वांत ताकदवान पासपोर्टांपैकी एक, पण तो असतो सहातल्या जेमतेम एका जपानी माणसाकडे.

यात पाहुण्याचा दोष किती? दादर-पुण्याहून एप्रिलमध्ये चेरीचा बहर बघायला निघणाऱ्या मराठी मंडळींनी आयुष्यभर पैसे साठवलेले असतात. त्यांनी जरूर जावं. पण ‘जपान आता स्वस्त झालाय’ असं म्हणताना एवढं विचारावं, कोणासाठी?

2025 मध्ये पाहुण्यांनी 4 कोटींचा आकडा ओलांडला. 2030 चं सरकारी लक्ष्य आहे 6 कोटी पाहुणे आणि त्यांच्याकडून 15 लाख कोटी येन. देश सोडताना प्रत्येकाकडून घेतला जाणारा कर 1,000 येनवरून 3,000 करायचंही ठरलं. तो जपानी माणसाकडूनही वसूल होतो. या कराच्या पैशातून शाळांच्या बसचं भाडं आणि मुलांच्या मुक्कामाचा वाढीव खर्च आधी भागवा. 6 कोटींचा विचार त्यानंतर करा.